खताची गादी

तात्यांचं नाक दिसायला काही विशेष नव्हतं. थोडं बसकं, चष्मा अडकवण्यापुरतं उपयोगी. पण कोंबड्या पाळणाऱ्यांच्या त्या सबंध पट्ट्यात त्या नाकाचा असा दरारा होता, की कुणी नवं शेड बांधलं तर आधी तात्यांना बोलावणं जायचं आणि मग विजेच्या जोडणीचा अर्ज. तात्या दाराशी उभे राहत, डोळे मिटत, एक लांब श्वास घेत आणि सांगत, "डाव्या कोपऱ्यात गादी ओली आहे. तिकडचे पडदे हातभर खाली करा." लोक डाव्या कोपऱ्यात जाऊन मूठ भरून बघत. मुठीत चिखल येई.

गादी म्हणजे कोंबड्यांच्या पायाखाली पसरलेला थर. बहुतेक ठिकाणी भाताचं तूस, चार बोटं जाड. कोंबडी त्यावरच चालते, बसते, उकरते आणि जे काय उरकायचं तेही तिथेच उरकते. गादी कोरडी राहिली तर ठीक. ओली झाली की तिच्यातून अमोनिया उठतो, डोळ्यांना झोंबतो, छातीत बसतो. म्हणून ज्याला गादीचा वास कळला त्याला कोंबडी कळली, असं या धंद्यात मानतात.

आता खरं सांगायचं, तर गेली सात वर्षं तात्यांना कसलाच वास येत नव्हता.

बत्तीस वर्षं अमोनियाच्या संगतीत काढली, त्याचं हे बक्षीस. वास पुरता गेला, हे कळलं तेही आपलं आपल्यालाच. एका सकाळी दूध करपून कोळसा झालं, भिंतीपलीकडून शेजारीण ओरडायला लागली, आणि तात्या भांड्यापासून चार हातांवर पेपर वाचत बसले होते. बायको त्याआधीच गेली होती म्हणून बरं. ती असती तर हे चार दिवसही लपलं नसतं.

पण तात्या मुळात हिशेबी. एक खातं बुडालं म्हणून दुकान बंद करणारे नव्हेत. वास जात होता तेव्हाच त्यांनी दुसरं खातं उघडलं होतं: माणसांच्या तोंडाचं. घरचा माणूस शेडमध्ये शिरून नुसता थबकला, तर अमोनिया दहा. पापण्या फडफडल्या, तर वीस. औषधविक्रेत्याचा हात रुमालाकडे गेला, तर पंचवीस, आणि तो "आपण बाहेर बसून बोलू या का?" म्हणाला, तर चाळीस. अमोनिया मोजायचं यंत्र आणून ताडून पाहिलं असतं तर फार फार तर दोन-तीनाचा फरक निघाला असता. शिवाय कोंबड्या होत्याच. ज्या कोपऱ्यात त्या बसत नाहीत तो ओला, आणि जिच्या छातीची पिसं मळलीत ती तिथूनच आली. तात्या डोळे मिटायचे, ते सगळं पाहून झाल्यावर. लोकांना वाटे, आता सुरुवात झाली.

एवढी लपवाछपवी कशासाठी, असं कुणी विचारेल. तर दोन वर्षांपूर्वी मुलाने लांबच्या मालट्रकवर ड्रायव्हरकी धरली, महिन्यातून दोनदा घरी येऊ लागला, आणि शेड सूनबाईच्या ताब्यात आलं. बाई हुशार आणि कामाला वाघ. खाद्याचं वजन ती करी, लसीच्या तारखा ती सांभाळी, पिल्लांची नोंदणी ती करी. तात्यांच्या हातात पूर्वी दहा कामं होती, त्यातली नऊ एकेक करून अगदी आदराने काढून घेतली गेली. उरलं ते नाक. तेही गेलं, तर सकाळी उठून शेडकडे जायला कारणच उरलं नसतं. आणि ज्या म्हाताऱ्याला सकाळी जायला जागा नसते त्याला घरातले सगळे "बसा ना" म्हणतात. तात्यांना मरणाची नव्हती एवढी धास्ती या दोन शब्दांची होती.

त्या वर्षी तुसाचे वांधे झाले. गिरण्यांतलं सगळं तूस कारखान्यांच्या भट्ट्यांत जळायला जाऊ लागलं; कोंबड्यांच्या वाट्याला काही उरेना. एका संध्याकाळी सूनबाई वही मिटून म्हणाली, "तात्या, मी यावेळी खताची गादी करायचं म्हणते."

"गादीचं खत होतं, ते ऐकलंय," तात्या म्हणाले. "खताची गादी म्हणजे कापडाचा पुन्हा कापूस करायचा प्रकार झाला."

"हसा तुम्ही. मी दोन ठिकाणी जाऊन बघून आलेय. पूर्ण पिकलेलं कंपोस्ट असेल तर ओल शोषून घेतं, त्यातले जिवाणू विष्ठा पचवतात, वास कमी होतो. रोज दाताळ्याने हलवायचं फक्त. वर पिल्लांना खालून थोडी ऊब."

"आणि कच्चं निघालं तर?"

"तर आपणच पिल्लांच्या उशाशी विष ठेवलं म्हणायचं. अमोनिया उठणार, बुरशी धरणार. एका दिवसाची पिल्लं ती, आठवड्यात माना टाकतील." मग ती हसली. "पण त्याची मला काळजी नाही. कच्चं-पिकलं वासावरून कळतं म्हणतात. तुम्ही आहात की."

तात्यांनी चष्मा काढून पुसला. तोंडाने म्हणाले, "हां, ते आहेच."

खत होतं ढीगमास्तरांकडे. हे गृहस्थ कधीकाळी शाळेत कवायत शिकवत. आता रस्त्याच्या टोकाला मोकळ्या जागेत भाजीबाजाराचा कचरा, पालापाचोळा आणि शेण यांचे ढीग लावून त्यांना शिस्त शिकवत. ढीग वेळेवर पालथे करायचे, पाणी मारायचं, ताडपत्रीने झाकायचं. बारा वर्षं हेच. खत जात होतं ते कुंड्यांना आणि बागांना. पिल्लांच्या पायाखाली घालायला मागणारी सूनबाई पहिलीच, त्यामुळे मास्तर लग्नघरातल्या यजमानासारखे पुढे-पुढे करत होते.

"हे तीन ढीग बघा," ते म्हणाले. "एकाच महिन्यात लावलेले. पण एका आईची तीन मुलं, तरी सारखी निघतात का? एकावर टेम्पोवाला परवानगी न घेता ताजा भाजीपाला ओतून गेला. एक ताडपत्री फाटून भिजला. तिसरा मधे कोरडा पडला होता."

सूनबाईने तिन्हींत थर्मामीटर खुपसून पाहिला. तिन्ही थंड.

"थंड आहेत म्हणजे पिकले की," तात्या घाईने म्हणाले. नाकावाचून भागत असेल तर त्यांना हवंच होतं.

"तसं नाही ना, तात्या. ओल नसेल तर कच्चा ढीगही गप्प पडून राहतो. पाणी लागलं की तापून उठतो पुन्हा." दोघांना पाठ फिरवायला सांगून तिने तिन्ही ढिगांतलं मूठमूठ खत चाळून प्लास्टिकच्या पिशव्यांत भरलं, पाणी शिंपडलं आणि तोंडं घट्ट बांधली, एकीला लाल दोरा, एकीला निळा, एकीला पांढरा. कुठला दोरा कुठल्या ढिगाचा हे वहीत लिहिलं आणि वही पिशवीत घातली. "तीन दिवस बंद ठेवायच्या. पिकलेलं असेल तर उघडल्यावर मातीचा वास येतो. कच्चं असेल तर आंबूस. सोमवारी तुम्ही सांगायचं. मास्तरांनाही सांगायचं नाही कुठली कुठल्या ढिगाची, नाहीतर ते आपल्या लाडक्याचीच शिफारस करतील."

"मी?" मास्तर म्हणाले. "मी कशाला मधे बोलू? तात्यांचं नाक असताना?" आणि ते जरा मोकळेपणाने हसले, तो मोकळेपणा तेव्हा कुणाच्या लक्षात आला नाही.

सोमवारी मास्तरांच्या पत्र्याच्या टेबलावर तीन पिशव्या मांडल्या. तात्या निर्धास्त नव्हते, पण अगदीच निःशस्त्रही नव्हते. पिशवी उघडली की समोर दोन तोंडं असणार होती, सूनबाईचं आणि मास्तरांचं. दोन तोंडांवर त्यांनी आजवर मोठमोठे निकाल दिले होते.

आणि नेमकी तिथे सूनबाईने सचोटी दाखवली. "माझ्या तोंडाकडे बघून तुमचं मत फिरायला नको," असं म्हणून ती त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिली. चांगल्या माणसांनी आजवर जेवढं नुकसान केलंय तेवढं वाइटांना जमलेलं नाही.

उरले मास्तर. तात्यांनी लाल पिशवी उघडली, वाकले, श्वास घेतला आणि चष्म्याच्या वरून मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांचं तोंड कोऱ्या पाटीसारखं. पांढरी उघडली. पुन्हा पाटी. आता राहिली निळी. शेवटचीच, आणि अजून हाताला काही लागलेलं नाही. म्हणून तात्या निळ्या पिशवीवर जरा जास्तच वेळ वाकून राहिले. एक श्वास, मग दुसरा. डोकं किंचित हललं, ते कानाशी माशी आली म्हणून. आणि मास्तरांचा चेहरा एकदम उजळला.

"ही," तात्या म्हणाले.

"अगदी!" मास्तर म्हणाले. "माझ्या तोंडातलं बोललात."

सूनबाई वळली. "निळी? नक्की ना, तात्या?"

"सूनबाई, बत्तीस वर्षं झाली मला."

ती क्षणभर थांबली. काहीतरी बोलेल असं वाटलं. मग तिने वही उघडून निळ्यापुढे खूण केली.

मंगळवारी त्या ढिगातलं खत वरवर चाळून, बेताचं पाणी मारून दोन ट्रॉल्यांनी शेडमध्ये आलं. पिल्लं लहान असेपर्यंत शेडचा एक तृतीयांश भागच लागतो. तेवढ्यात पडदा लावून चार बोटं जाडीची गादी पसरली. काळीभोर, भुसभुशीत, बघणाऱ्याला झोपावंसं वाटावं अशी. उरलेला कमरेएवढा ढीग कोपऱ्यात ठेवला, पुढे भर घालायला. बुधवारी सकाळी पिल्लांना ऊब देणारे ब्रूडर पेटवले, म्हणजे गुरुवारी सहाला दोन हजार पिल्लं येतील तेव्हा जागा तापलेली असावी. सूनबाई लस आणायला गेली. तात्या एकटेच आत आले.

आत आले आणि कोपऱ्यातल्या ढिगाला टेकले. टेकले ते चटकन उठले. पाठीला गरम तव्याशी बसल्यासारखं झालं होतं. त्यांनी बाही वर करून हात कोपरापर्यंत आत घातला. आंघोळीला विसण घालावं लागेल इतकं कढत. हात बाहेर आला तो कोबीचा एक अख्खा दांडा घेऊन, अजून दांड्यासारखा दांडा. ब्रूडरखालच्या गादीवर पांढरी लव धरू लागली होती, पडद्याला आतून पाण्याचे थेंब. तात्यांचे डोळे चुरचुरायला लागले, पाणी आलं. नाक बंद पडलं तरी डोळे आपलं काम सोडत नाहीत. अमोनिया त्यांना वासावाचूनच कळतो.

म्हणजे निळा दोरा त्या कोरड्या पडलेल्या ढिगाचा होता. पाणी आणि ऊब मिळाली, उठला.

तात्यांनी खाद्याच्या उपड्या भांड्यावर बैठक मारली आणि हिशेब मांडला. एका बाजूला दोन हजार पिल्लं. ती उद्या सहाला येणार, त्यांना परत पाठवता येत नाही. दुसऱ्या बाजूला नाक. मधला रस्ता? मधला रस्ता रस्त्याच्या टोकालाच राहत होता. खत कुणाचं? मास्तरांचं. कच्चं कुणी दिलं? मास्तरांनी. 'मी निवडलं ते चांगलंच होतं, याने भरताना दुसऱ्या ढिगातलं मिसळलं.' सूनबाईने यावर सहज विश्वास ठेवला असता. तात्या उठले, कोबीचा दांडा खिशात घातला आणि तोंड शक्य तेवढं लाल करून मास्तरांकडे निघाले.

"मास्तर, हे काय?" त्यांनी दांडा टेबलावर आपटला.

मास्तरांनी दांड्याकडे पाहिलं. मग खाली बसले. "कच्चं निघालं?"

"निघालं? शिजतंय! तुम्ही तर म्हणालात, 'अगदी, माझ्या तोंडातलं बोललात'! तुम्हाला तुमच्या खताचा वास कळत नाही?"

"नाही," मास्तर म्हणाले.

"काय नाही?"

"कळत नाही, तात्या. कसलाच. चार-पाच वर्षं झाली. शेण, अत्तर, सगळं सारखं." त्यांनी मान खाली घातली. "ढिगाच्या जागेवरून, तारखेवरून, रंगावरून चालवून नेतो. पण चाळून पिशवीत भरल्यावर मला काय कळणार? मी तुमच्याकडे बघत होतो."

"माझ्याकडे?"

"लाल पिशवीवर तुम्ही झटकन उठलात. पांढरीवरही. निळीवर मात्र रेंगाळलात, मान डोलावलीत. म्हटलं, सापडलं यांना. म्हणून हसलो."

तात्यांनी दांडा उचलून परत खिशात घातला. जेवढा राग घेऊन आले होते तेवढा सगळा कुठेतरी गळून गेला होता. "मास्तर," ते शेवटी म्हणाले, "तुम्ही हसलात म्हणून मी 'ही' म्हणालो."

हे समजायला मास्तरांना थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा ते तोंडावर हात ठेवून हसायला लागले, आणि हसता हसताच त्यांचे डोळे भरले. दोन माणसं, दोन नाकं, आणि दोन्ही दाराच्या मुठीसारखी: धरायला उपयोगी, बाकी काही नाही.

"माझं नाव सांगा," मास्तर डोळे पुसत म्हणाले. "म्हणा, मास्तराने मिसळलं. माझ्या मालाला नाहीतरी लोक नाक मुरडतातच. तुमचं कशाला घालवता?"

तात्या तेच सांगायला आले होते. आता आयतं ताटात वाढलं तर घशाखाली उतरेना. "बरं, तुमचं नाव सांगितलं," ते म्हणाले. "ही गादी उपसली. मग नवी कुठल्या ढिगाची घालायची? लाल का पांढरी?"

खिळ्याला दोन पिशव्या टांगलेल्या होत्या, तोंडं पुन्हा बांधलेली. दोघांनी तिकडे पाहिलं. मग एकमेकांकडे पाहिलं, आणि एकाच वेळी नजर फिरवली. त्या वाटेचा अनुभव दोघांनाही पुरेसा आला होता.

"कुणाला तरी वास घ्यायला सांगावा लागेल," मास्तर म्हणाले.

"हो," तात्या म्हणाले. "आणि का घ्यायचा, तेही सांगावं लागेल."

सूनबाई शेडच्या बाहेर पाण्याची भांडी घासत होती. तात्या समोर जाऊन उभे राहिले. वाटेत त्यांनी चार वाक्यं जुळवली होती, त्यात 'वय' आणि 'धंद्याचा परिणाम' असे शब्द होते. प्रत्यक्षात म्हणाले, "गादी कच्ची आहे. मला वास येत नाही."

"आज सर्दी झालीय का?"

"सात वर्षं झालीय."

तिच्या हातातलं भांडं थांबलं. नळ चालूच होता. "सात वर्षं? म्हणजे मी या घरात आले त्याच्या आधीपासून?"

"आधीपासून."

"मग एवढे दिवस… त्या लांबच्या शेडवाल्याकडे गेल्या महिन्यात… तो तर म्हणत होता तात्या देवमाणूस!"

"त्याची बायको आत शिरताच शिंकली. मी तिच्याकडे बघून सांगितलं."

तिने नळ बंद केला. तात्यांनी मनाची तयारी केली होती. आता ती म्हणणार, 'असू द्या तात्या, तुम्ही बसा ना.' पण ती म्हणाली ते भलतंच होतं.

"पांढरा."

"काय?"

"पांढऱ्या दोऱ्याची पिशवी. सोमवारी तुम्ही यायच्या आधी मी तिन्ही उघडून पाहिल्या होत्या, पाणी सुटलंय का ते बघायला. पांढरीला स्वच्छ वास होता, विहीर उपसताना गाळ वर येतो ना, तसा. निळी आंबलेली होती. मला तेव्हाच कळलं होतं!" तिचा आवाज चढला. "मग तुम्ही 'ही' म्हणालात, आणि मी म्हटलं, आपलंच चुकत असेल. बत्तीस वर्षांपुढे माझी दोन वर्षं काय? धडधडीत वास येत असून मी गप्प बसले, तात्या, तुमच्या नाकाचा मान राखायला. आणि ते नाक…"

तिने भांडं आपटून ठेवलं. राग आला होता, आणि कुणावर जास्त, हे तिला ठरवता येत नव्हतं.  तात्यांच्या मनात एवढंच आलं, की सोमवारी तिथे तीन माणसांत एकच चालतं नाक होतं, आणि त्याच्यावर झाकण त्यांनीच ठेवलं होतं. झाकण ठेवलंय हे त्यांना कळलंही नव्हतं. शेडमध्ये तिने आजवर आणखी काय काय ओळखलं असेल आणि गिळलं असेल, याचा हिशेब कुठल्याच वहीत नव्हता.

"तू बोलली असतीस," ते हळूच म्हणाले, "तर मी ऐकलं असतं का, सांगता येत नाही. बहुतेक नसतंच."

"नसतंच," ती म्हणाली. "बोलू नंतर. आता फावडं घ्या. पिल्लं काय आपलं भांडण मिटायची वाट बघत थांबणार नाहीत."

आधी ती मास्तरांकडे जाऊन दोन्ही पिशव्यांचा पुन्हा वास घेऊन आली. पांढरीच. तो ढीग ताडपत्री फाटून भिजलेला; पण मास्तरांनी त्यानंतर तो चारदा पालथा केला होता, म्हणून सगळ्यांत आधी पिकला. मग ब्रूडर विझवले, पडदे उघडले आणि उपसा सुरू झाला. मास्तर आपली दोन माणसं आणि हातगाडा घेऊन आले, न बोलावता. घमेली भरली, ट्रॉली भरली, जमीन खरवडून चुना मारला, तो सुकेपर्यंत सगळ्यांनी उभ्याउभ्या चहा घेतला. नवं खत आलं तेव्हा सूनबाई प्रत्येक ट्रॉलीवर चढून तीन-तीन ठिकाणी मूठ भरून नाकाशी धरी आणि मगच "ओता" म्हणे. मास्तर तिच्या तोंडाकडे बघत. तात्याही बघत, सवय जाता जात नाही. एकदा ती वैतागली. "दोघं माझ्याकडे काय बघताय? विचारा ना सरळ!"

"कसा आहे?" तात्यांनी विचारलं.

"चांगला आहे."

"चांगला म्हणजे कसा?"

ती थांबली. असं कुणी तिला विचारलं नव्हतं, आणि वास शब्दांत सांगायची सवय कुणाला असते? "म्हणजे… थंड आहे. पानांखालची जमीन असते तसा. आणि अगदी थोडा बटाट्याच्या पोत्यासारखा."

तात्यांनी मान हलवली. पोतं त्यांना आठवत होतं.

दिवेलागणीच्या आत गादी पसरून झाली, ब्रूडर पुन्हा पेटवले. उरलेल्या ढिगात थर्मामीटर खोचून ठेवला. सकाळी साडेपाचला पारा होता तिथेच होता. सहाला खोकी आली, झाकणं निघाली, आणि दोन हजार पिवळे जीव काळ्या गादीवर सांडले. काही क्षण नुसती चिवचिव. मग एकेकाने खाली मान घालून उकरायला सुरुवात केली, जणू पोटातून शिकून आले होते. तात्या पडद्याशी उकिडवे बसून बघत राहिले. पिल्लं ब्रूडरखाली गर्दी करत नव्हती, लांबही पळत नव्हती, मूठभर धान्य फेकावं तशी सगळीकडे पसरली होती. पहिल्या आठवड्यात अकरा गेली. दोन हजारांत अकरा म्हणजे या धंद्यात कुणी उसासाही टाकत नाही.

आणि तरी तात्या त्या आठवड्यात फारसे बोलत नव्हते. सकाळी शेडकडे येत, दाराशी उभे राहत, पण डोळे मिटत नसत. सूनबाई आत जाऊन "ठीक आहे" म्हणे, ते "बरं" म्हणत आणि परत फिरत. ती त्यांना थांबा म्हणत नव्हती, बसाही म्हणत नव्हती. तिच्या मनातला राग पुरता उतरला नव्हता, आणि तो उतरावा असं म्हणायला तात्यांना तोंडही नव्हतं.

दहाव्या दिवशी त्या लांबच्या शेडवाल्याचा फोन आला. "तात्या, यावं लागतंय. कोंबड्यांची मर वाढलीय. खोकताहेत. काय ते कळत नाही, तुमचं नाक पाहिजे."

फोन मोठ्या आवाजावर होता. सूनबाई दाताळ्याने गादी हलवत होती, तिचं दाताळं मंद झालं.

जुना तात्या असता तर 'आलोच' म्हणून स्कूटर काढली असती. त्या माणसाची बायको अजून शिंकत असणारच. "येतो," तात्या म्हणाले. "पण सूनबाईला घेऊन येतो. वास तिला कळतो. मला येत नाही."

 पलीकडून खो-खो हसणं. "काय थट्टा करता!"

"थट्टा नाही. सात वर्षं झाली."

आता हसणं थांबलं. शेडवाला सरळ माणूस, मनातलं पोटात ठेवायची त्याला कला नव्हती. "मग तात्या," त्याने विचारलं, "तुम्ही कशाला येता?"

 "विचारून सांगतो," असं काहीतरी बोलून तात्यांनी फोन ठेवला आणि फोनकडेच बघत राहिले.

"काय म्हणाले?" सगळं ऐकूनही सूनबाईने विचारलं.

"म्हणाला, मी कशाला येतो."

तिने दाताळं भिंतीला टेकवलं, हात धुतले, ओढणी कमरेला खोचली. "मला स्कूटर येत नाही," ती म्हणाली. "चला."

लांबच्या शेडमध्ये ती पुढे आणि तात्या मागे. शेडवाला आणि त्याची बायको दाराशी. त्यांच्या तोंडांकडे तात्यांनी मुद्दाम पाहिलं नाही. सूनबाई मधोमध उभी राहिली. "इथे आहे, पण हलका. डोळ्यांत जात नाही."

"पुढे जा. भिंतीशी."

ती गेली. "इथे वाढला. तिखट आहे."

तात्यांनी वर पाहिलं. पाण्याची नळी त्या भिंतीलगत गेली होती. ते गुडघ्यावर बसले आणि नळीखालून बोट फिरवत सरकू लागले. एका जोडाशी बोट ओलं झालं. त्यांनी बाजूची गादी हाताने उकरली. वर कोरडी, खाली दोन बोटांवर चिखल, आणि चिखलात पांढरी बुरशी. शेडवाला वाकून बघायला लागला.

"पाना आण," तात्या त्याला म्हणाले. मग गुडघ्यावरच आणखी दोन हात पुढे सरकले आणि मान न वळवता विचारलं, "आणि इथे, सूनबाई?"

ती त्यांच्याजवळ आली, वाकली. "इथे त्याहून जास्त," ती म्हणाली.